शंभर वर्षांपूर्वीच्या प्रो फुटबॉलवाल्याचं करिअर कसं शोधायचं, फ्रिट्झ पोलार्डला धरून

आधीच सांगतो, हे अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो, मेस्सीवाला नाही. मी ओहायोत क्लीव्हलंडजवळ राहतो, इथून अ‍ॅक्रन गाडीने पाऊण तास आणि कँटन साधारण तासभर, आणि प्रो, म्हणजे पैसे घेऊन खेळायच्या, फुटबॉलची एनएफएल ही सगळ्यात मोठी लीग या पट्ट्यात जन्माला आली हे मला इथे येऊन कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. मग एका हिवाळ्यात बाहेर बर्फ, घरात कंटाळा, आणि मी जुने खेळाडू शोधायला लागलो. तेव्हापासून ओळखीतले दोघं-तिघं विचारतात की बाबा तू हे शोधतोस कसं, एनएफएलच्या साईटवर तर काहीच नसतं. म्हणून एकदा बसून लिहून काढतोय.

उदाहरण म्हणून सगळे जिम थॉर्प घेतात, त्या काळचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू. थॉर्पवर इतकं लिहिलंय की तिथे शोधायला काही उरलेलंच नाही. मी फ्रिट्झ पोलार्ड घेतो. उंची ५ फूट ९ इंच, वजन १६५ पौंड म्हणजे ७५ किलो, हाफबॅक म्हणजे बॉल घेऊन पळणारा, एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच, आणि तरी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला २००५ मध्ये, म्हणजे वारल्यानंतर १९ वर्षांनी. याच्या करिअरमध्ये इतके खड्डे आहेत की शिकायला याच्यासारखा माणूस नाही.

पहिलं काम म्हणजे स्टॅट्सचं पान उघडायचं नाही. खरंच सांगतो. एनएफएलने अधिकृत आकडे ठेवायला सुरुवात केली १९३२ मध्ये. त्याआधी किती यार्ड पळाला, किती पास पकडले हे लीगने कुठे लिहूनच ठेवलेलं नाही. आज नेटवर त्या काळातल्या खेळाडूंचे जे आकडे दिसतात ते नंतर लोकांनी पेपरातल्या बातम्यांवरून जमवलेत, त्यात टचडाउन (बॉल समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेणं) आणि सामने बऱ्यापैकी मिळतात, बाकी सगळं रिकामं. आणि आपल्याला क्रिकेटच्या स्कोअरकार्डची सवय, तिथे १८७७ च्या टेस्टचासुद्धा एकेक रन सापडतो, त्यामुळे इथे रिकामा रकाना दिसला की वाटतं या माणसाने काही केलंच नाही. तसं नसतं, मोजणाराच नव्हता कोणी.

त्यापेक्षा एक कोरं शीट घ्या, डावीकडे वर्षं लिहा, आणि प्रत्येक वर्षासमोर चारच गोष्टी: कुठल्या गावात होता, कुठल्या टीममध्ये, ती टीम लीगमध्ये होती की बाहेर, आणि हे तुम्हाला कळलं कुठून. चौथा रकाना लोक खातात आणि तीन महिन्यांनी डोकं धरून बसतात, मीही बसलोय.

मग नाव. नाव एकच आहे असं धरून चालू नका. पोलार्डचं खरं नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या नावावरून ठेवलेलं. जन्म शिकागोत, २७ जानेवारी १८९४. पेपरवाले कधी फ्रिट्झ लिहितात, कधी फ्रेड, कधी नुसतंच पोलार्ड, कधी एक एल खातात. शिवाय जुनं पान स्कॅन करून त्यातली अक्षरं कॉम्प्युटर वाचतो तेव्हा पुसट छपाईत काय वाटेल ते वाचतो. म्हणून नावाने नाही सापडलं तर टीमचं नाव आणि तारीख टाकून शोधा, आणि नुसता सर्चचा रिझल्ट बघून पुढे जाऊ नका, अख्खं पान उघडून डोळ्यांनी वाचा. कंटाळा येतो पण त्याला इलाज नाही. आणि एक नको वाटणारी गोष्ट, त्या काळचे गोऱ्यांचे पेपर त्याच्या नावाआधी त्याचा वर्ण लिहायचे, आज आपण तोंडातून काढणार नाही असे शब्द वापरून. ते शब्द सर्चमध्ये टाकावे लागतात, नाहीतर निम्म्या बातम्या निसटतात.

नावाच्या बाबतीत मी स्वतः कसा आपटलो ते सांगतो. मी शीटमध्ये छान लिहून ठेवलं होतं की १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला ११० मीटर हर्डल्समध्ये ब्राँझ. बेचाळीस वर्षांचा माणूस हर्डल्स पळतोय, आणि मला दोन दिवस त्यात काही वावगं वाटलं नाही! तो मुलगा, फ्रिट्झ पोलार्ड ज्युनियर. बापाचं नाव मुलाला देण्याची पद्धत इथे सर्रास आहे, तेव्हा कुठलीही बातमी शीटमध्ये टाकण्याआधी त्या वर्षी आपल्या माणसाचं वय किती होतं ते मोजा.

टीमच्या नावांचा घोळ वेगळाच. पोलार्डने १९२० च्या दशकाच्या शेवटी शिकागो ब्लॅक हॉक्स नावाची कृष्णवर्णीय खेळाडूंची टीम चालवली, ती फुटबॉलची, पण आज हे नाव टाकलं की हॉकीवाली टीम येते. मिल्वॉकी बॅजर्स शोधलं की विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीचे बॅजर्स येतात. अ‍ॅक्रनची टीम कधी इंडियन्स, कधी प्रोज, मग परत इंडियन्स. म्हणून टीम, गाव आणि वर्ष असं तिन्ही एकत्र लिहायची सवय लावून घ्या.

आता कॉलेजचा भाग. यावर फार वेळ घालवू नका कारण इथे माहिती भरपूर असते, कॉलेजवाले सगळं जपून ठेवतात. तेव्हा कॉलेज फुटबॉल म्हणजे प्रतिष्ठा आणि प्रो फुटबॉल म्हणजे जरा हलकं काम असं मानायचे. पोलार्ड प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन युनिव्हर्सिटीत खेळला, १९१६ च्या सीझनमध्ये ब्राउनने येलला २१-६ आणि हार्वर्डला २१-० हरवलं, आणि वॉल्टर कँपच्या ऑल-अमेरिका टीममध्ये, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत, त्याचं नाव आलं. एकच सापळा लक्षात ठेवा, सीझनचं वर्ष आणि सामन्याचं वर्ष वेगळं असू शकतं. रोझ बोलमध्ये, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या नववर्षाच्या मानाच्या सामन्यात, खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तोच, तो सामना १ जानेवारी १९१६ चा, वॉशिंग्टन स्टेटकडून ०-१४ ने हरले, पण सीझन मात्र १९१५ चा. हे नजरेतून निसटलं की पुढची सगळी वर्षं एकाने सरकतात. त्यानंतर पहिलं महायुद्ध, मग पेनसिल्व्हेनियात लिंकन युनिव्हर्सिटीचं कोचिंग, आणि १९१९ च्या सीझनमध्ये अ‍ॅक्रन.

आता खरी मजा. अ‍ॅक्रन म्हणजे टायरचं गाव, गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच सगळे इथलेच, कारखान्यातला कामगार रविवारी मॅच बघायला यायचा. १७ सप्टेंबर १९२० ला कँटनमध्ये 'राल्फ हे' नावाच्या माणसाच्या गाड्यांच्या शोरूममध्ये टीमवाले जमले आणि लीग काढली, नाव अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन, थॉर्पला प्रेसिडेंट केलं कारण नाव मोठं. एनएफएल हे नाव आलं १९२२ मध्ये. म्हणजे १९२० ची बातमी शोधताना एनएफएल टाकलंत तर शून्य मिळणार.

सीझन उभा करायची माझी पद्धत साधी आहे. सामने बहुतेक रविवारी, म्हणून त्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबरच्या सगळ्या रविवारच्या तारखा लिहून काढायच्या, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार जोडायचा, आणि प्रत्येक तारखेसाठी दुसऱ्या दिवशीचा पेपर बघायचा. लायब्ररी ऑफ काँग्रेसची क्रॉनिकलिंग अमेरिका ही साईट फुकट आहे, तिथून सुरू करा. पैसे भरायच्या साईट नंतर, आणि त्यातल्या काही इथल्या गावच्या लायब्ररीच्या कार्डावर फुकट मिळतात, आधी विचारा. एक युक्ती अशी की आपल्या टीमच्या गावचा पेपर नाही मिळाला तर समोरच्या टीमच्या गावचा बघा, आणि मिळाला तरीही बघा, कारण घरचा पेपर हरल्यावर पंचांना शिव्या घालतो आणि पाहुण्यांच्या पेपरात कळतं की खरं काय झालं.

१९२० चं अ‍ॅक्रन असं जोडलं की हे चित्र येतं. ३ ऑक्टोबरला व्हीलिंगला ४३-० ने धुतलं, आता व्हीलिंग लीगमध्ये नव्हतीच पण हा सामना रेकॉर्डमध्ये धरला जातो, तेव्हा लीगमधले आणि बाहेरचे असा फरक कोणी फारसा करत नव्हतं. ३१ ऑक्टोबरला थॉर्पच्या कँटनला १०-० ने हरवलं. क्लीव्हलंडशी ७-७, आणि हे सात पॉइंट म्हणजे अ‍ॅक्रनने अख्ख्या सीझनमध्ये दिलेले एकूण पॉइंट, बस. थँक्सगिव्हिंगला परत कँटन, ७-०. मग ५ डिसेंबरला बफेलोशी ०-० आणि १२ डिसेंबरला शिकागोत डिकेटर स्टॅलीजशी ०-०, हे स्टॅलीज म्हणजेच पुढचे शिकागो बेअर्स. एकूण ८ जिंकले, ३ बरोबरीत, हार नाही.

यात बफेलोच्या सामन्याला एक शेपूट आहे. त्याच दिवशी अ‍ॅक्रनने आपला बॉब नॅश नावाचा खेळाडू बफेलोला विकला, ३०० डॉलर आणि गेटच्या कमाईतले ५ टक्के. लीगमधला हा पहिला नोंदलेला सौदा मानतात. अशा फुटकळ पैशाच्या बातम्या दिसल्या की उचलून ठेवा, त्या स्कोअरपेक्षा जास्त सांगतात.

स्कोअर इतके कमी का, हे कळल्याशिवाय खेळाडूचं माप काढू नका. टचडाउनचे ६ पॉइंट होतेच, १९१२ पासून, पण फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकायचा, तर डाव सुरू होतो त्या लाइनच्या किमान ५ यार्ड मागून टाकावा लागायचा, १९३३ पर्यंत. बॉल आजच्यापेक्षा जाडा, फेकायला अवघड. मैदान चिखलाचं. तेच अकरा जण अटॅकलाही आणि डिफेन्सलाही, आणि बाहेर गेलेला लगेच परत येऊ शकत नसे. अशा खेळात एक मोकळी धाव म्हणजे अख्खा सामना. आजच्या रनिंगबॅकचे हजार यार्ड डोक्यात ठेवून पोलार्डकडे बघितलं की तो किरकोळ वाटतो, आणि ती चूक आपली.

लाइनअप वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. बातमीच्या खाली दोन रांगा असतात, मधे पोझिशनची अक्षरं, लेफ्ट एंडपासून फुलबॅकपर्यंत, त्याखाली प्रत्येक क्वार्टरचा स्कोअर, मग टचडाउन कोणी केलं, मग बदली खेळाडू. आपला माणूस वरच्या रांगेत नसला तर खालची बदलीची ओळ बघितल्याशिवाय 'खेळला नाही' असं लिहू नका. आणि गावात आदल्या दिवशी छापलेली लाइनअप धरू नका, ती जाहिरात असते, मोठं नाव छापून तिकिटं विकायची.

चॅम्पियनशिपचं प्रकरण डोकं फिरवणारं आहे. तेव्हा फायनल वगैरे नव्हतं. १९२० चं विजेतेपद ठरलं ते १९२१ च्या एप्रिलमध्ये, अ‍ॅक्रनमध्येच भरलेल्या मीटिंगमध्ये मत घेऊन! बफेलो आणि डिकेटर दोघंही म्हणत होते की आम्हीच खरे. म्हणून त्या काळातल्या कुठल्याही खेळाडूच्या नावापुढे 'चॅम्पियन' दिसलं की ते कोणी ठरवलं आणि कधी ठरवलं हे शीटमध्ये लिहा. १९२१ आणि १९२५ च्या चॅम्पियनशिपवरून तर अजून भांडणं चालू आहेत.

१९२१ मध्ये पोलार्ड अ‍ॅक्रनचा को-कोच, एल्गी टोबिनबरोबर, आणि खेळतही होताच. आता 'कोच' या शब्दावर थांबा. आज कोच म्हणजे साइडलाइनवर हेडफोन लावून उभा असलेला माणूस. तेव्हा सामना चालू असताना बाहेरून सूचना देणं नियमात बसत नव्हतं, म्हणजे मैदानावर जो डाव ठरवतो त्याचं वजन फार. त्यामुळे कागदावर एकाचं नाव, सराव दुसरा घेतो आणि मैदानात तिसरा हाकतो असंही चालायचं. कोचच्या रकान्यात जुन्या याद्यांमध्ये वेगवेगळी नावं दिसली तर घाबरू नका, दोन्ही लिहून ठेवा.

आणि हाच माणूस, ज्याच्या हातात टीम होती, त्याला अ‍ॅक्रनमध्ये सुरुवातीला कपडे बदलायला टीमच्या मालकाच्या, फ्रँक नीडच्या, सिगारच्या धंद्याच्या जागेत जावं लागायचं, बाकीच्यांबरोबर नाही. मैदानावर खाली पडला की वरून लोक मुद्दाम उड्या मारायचे, म्हणून तो पडल्या पडल्या पाठीवर वळून पाय सायकलसारखे हवेत फिरवायचा, बुटाचे खिळे वर. हे बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या छापील तक्त्यात, सापडत नाही, हे पुढच्या काळातल्या मुलाखतींत आणि कृष्णवर्णीयांच्या पेपरांत सापडतं. शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरियर, बाल्टिमोरचा आफ्रो-अमेरिकन, हे तीन पेपर बघितल्याशिवाय त्या काळच्या कुठल्याही कृष्णवर्णीय खेळाडूचं करिअर लिहायला घेऊ नका, गावचा पेपर जिथे एका ओळीत उरकतो तिथे हे अर्धा कॉलम देतात.

मुलाखतींवर मात्र जरा जपूनच विश्वास ठेवा. सत्तरी-ऐंशीतला माणूस पन्नास वर्षांपूर्वीचं सांगतो तेव्हा कुस्तीच्या फडासारखं होतं, दरवेळी सांगताना समोरचा पैलवान दहा किलोने वाढतो. पोलार्डला एका सामन्याचे १,५०० डॉलर मिळायचे हा आकडा ठिकठिकाणी वाचायला मिळतो. असेलही. पण शेजारी हे ठेवा की १९१५ मध्ये थॉर्पला, जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या खेळाडूला, कँटनने सामन्याला २५० डॉलर दिले तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. मी १,५०० लिहितो, पुढे प्रश्नचिन्ह टाकतो, आणि हिशोबाचा कागद मिळेपर्यंत ते काढत नाही. कागद मिळतात हो कधीकधी. १८९२ मध्ये पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघेनी क्लबने पज हेफेलफिंगरला एका सामन्याचे ५०० डॉलर रोख दिले, तो खर्चाचा कागदच पुढे सापडला आणि पहिला प्रो खेळाडू कोण याचं उत्तर बदलून गेलं. तोपर्यंत सगळे १८९५ मध्ये १० डॉलर घेणाऱ्या जॉन ब्रॅलियरचं नाव घ्यायचे.

आता रिकाम्या वर्षांबद्दल, माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात कामाचा भाग हाच. पोलार्डची एनएफएलची यादी अशी: १९२० आणि २१ अ‍ॅक्रन, १९२२ मिल्वॉकी, १९२३ हॅमंड, मग एकदम १९२५, त्यात एकाच वर्षात हॅमंड, अ‍ॅक्रन आणि प्रॉव्हिडन्स अशा तीन टीम, आणि १९२६ परत अ‍ॅक्रन. १९२४ कुठे गेलं? बहुतेक लोक इथे 'दुखापत असेल' म्हणून पुढे जातात. जाऊ नका. तेव्हा एनएफएल म्हणजे आजच्यासारखं शिखर नव्हतं, बाहेरच्या टीम तितकेच, कधी जास्त पैसे द्यायच्या. पोलार्ड पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात गिल्बर्टन नावाच्या छोट्या गावासाठी खेळत होता, १९२३ मध्ये आणि १९२४ मध्येही. तिथे अँथ्रासाइट लीग होती, खाणकामगारांची गावं एकमेकांशी इरेला पेटायची आणि बाहेरून नावाजलेले खेळाडू पैसे देऊन आणायची. एनएफएलच्या पानावर यातलं काही दिसत नाही. तेव्हा खड्डा दिसला की आजूबाजूच्या लीग शोधा, कोळसा, पोलाद, रबर, जिथे कारखाना आणि पगाराचा दिवस तिथे टीम.

१९२६ नंतरचा खड्डा वेगळ्या जातीचा. त्यानंतर पोलार्ड एनएफएलमध्ये नाही, तोवर वयही बत्तीस झालेलं. पण त्याच्या मागून आलेले कृष्णवर्णीय खेळाडूही एकेक करून कमी झाले, आणि १९३३ मध्ये जो लिलार्ड आणि रे केंप हे दोघं शेवटचे, त्यानंतर १९४६ पर्यंत एकही नाही. असा नियम कुठे लिहिलेला सापडत नाही, शोधू नका, मालकांनी आपसात ठरवलेलं असं कागदावर ठेवत नाहीत. ते दिसतं ते रोस्टरमध्ये, म्हणजे टीमच्या खेळाडूंच्या यादीत, बारा वर्षांच्या याद्या ओळीने लावा आणि नावं बघा. पोलार्ड त्या काळात गप्प बसला नव्हता, शिकागोचे ब्लॅक हॉक्स झाल्यावर १९३५ ते ३७ न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ब्राउन बॉंबर्स ही टीम चालवली, नाव बॉक्सर जो लुईच्या टोपणनावावरून. तिथले सामने पण शीटमध्ये लिहा. लीगने हाकललं म्हणून करिअर संपलं असं आपण का धरायचं? पुढच्या कृष्णवर्णीय हेड कोचसाठी एनएफएलला १९८९ उजाडलं, रेडर्सचा आर्ट शेल. तोपर्यंत पोलार्ड वारला होता, ११ मे १९८६ ला.

एवढं सगळं शीटमध्ये आलं की मगच स्टॅट्सच्या साईटवर जा आणि ताडून बघा. फरक निघणारच. फरक निघाला की साईट बरोबर असं लगेच धरू नका, आणि आपण बरोबर असंही नाही, परत त्या सोमवारच्या पेपरावर जा. प्रोफेशनल फुटबॉल रिसर्चर्स असोसिएशन म्हणून हौशी लोकांची संस्था आहे, १९७९ पासून, त्यांचं कॉफिन कॉर्नर नावाचं नियतकालिक आहे, त्याच्या जुन्या अंकांत तुमच्या आधी कोणीतरी याच भिंतीवर डोकं आपटलेलं बहुतेक वेळा सापडतं. कँटनला हॉल ऑफ फेममध्ये जायचं तर बाहेरून फोटो काढून येऊ नका.

हात बसवायला दुसरा खेळाडू हवा असेल तर इंकी विल्यम्स घ्या. पोलार्डचा ब्राउनमधला जोडीदार, एंड या पोझिशनला खेळायचा, हॅमंडमध्येही होता. त्याला जे विल्यम्स, जे. मेयो विल्यम्स आणि इंकी अशा तिन्ही नावांनी शोधा, आणि फुटबॉलच्या पानांवर थांबू नका. खेळत असतानाच तो पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी ब्लूज गायक शोधून आणायचा, मा रेनीच्या रेकॉर्ड त्यानेच काढल्या, त्यामुळे त्याचं निम्मं करिअर संगीतवाल्यांनी जपून ठेवलंय आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तो फुटबॉल खेळायचा हे माहीतच नसतं.